छायाचित्रातील ‘छाया’ : कॅन्यन द शे येथील तीन भूदृश्यांचे वाचन

‘छायाचित्र’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की, त्याची घडण सहसा कोणी तपासून पाहत नाही. ‘फोटोग्राफी’ ही संज्ञा सर जॉन हर्शेल यांनी १८३९ मध्ये वापरली. तिच्यातील ग्रीक घटकांचा अर्थ ‘प्रकाशाने लिहिणे’ असा होतो. मराठीने मात्र प्रकाशाऐवजी छायेला पसंती दिली. संस्कृतात ‘छाया’ या शब्दाला सावली आणि प्रतिबिंब असे दोन्ही अर्थ आहेत. आणि त्यांखेरीज भाषेच्या अभ्यासकाला परिचित असलेला तिसराही एक अर्थ आहे. प्राकृत गाथांच्या किंवा नाटकांतील प्राकृत संवादांच्या खाली जे संस्कृत रूपांतर छापलेले असते, त्याला ‘संस्कृत छाया’ म्हणतात. ही छाया मूळ वचनाला पदोपदी धरून चालते. तथापि ती मूळ वचन नव्हे. नाटकात कोणते पात्र कोणती प्राकृत बोलते यावरून त्याचे सामाजिक स्थान कळते; छायेत सर्वच पात्रे एका भाषेत बोलू लागतात आणि नेमकी हीच खूण पुसली जाते. अर्थ राहतो, परंतु बोलणारा कोण हे लोपते. छाया सुलभ असल्यामुळे पुष्कळ वाचक तीच वाचतात आणि मूळ प्राकृताकडे वळतच नाहीत, ही अडचण वेगळीच.

भूदृश्याचे छायाचित्र हे या तिसऱ्या अर्थानेही छायाच असते, हे एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणासाठी अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागातील कॅन्यन द शे हे स्थळ घेतले आहे. वाळवंटी प्रदेशातील निदऱ्यांची जी उद्याने व राष्ट्रीय स्मारके अमेरिकेत आहेत त्यांत ग्रँड कॅन्यनची कीर्ती अधिक. परंतु कॅन्यन द शे येथे सुमारे सत्तर वर्षांच्या अवधीत तीन नामांकित छायाचित्रकारांनी चित्रे घेतली, आणि त्या तीन चित्रांत एकाच स्थळाविषयीची तीन वेगवेगळी विधाने वाचता येतात. शिवाय ज्या समाजाची ही भूमी आहे तो समाज आजही तेथे राहत असल्यामुळे ही विधाने पडताळून पाहण्याची सोय आहे.

१. स्थल आणि नाम

प्रथम नावाचा विचार करू. ‘कॅन्यन’ हा शब्द स्पॅनिश ‘कान्योन’वरून इंग्रजीत आला, त्याचा मूळ अर्थ नळकांडे किंवा पोकळ नळी असा आहे. उभ्या कड्यांच्या अरुंद व खोल दरीला मराठी भूगोलाच्या परिभाषेत ‘निदरी’ म्हणतात. ‘द शे’ या उत्तरपदाचे लेखन पाहून ते फ्रेंच असावे असा भास होतो. वस्तुतः ते नावाहो भाषेतील ‘त्सेयि’ या शब्दाचे अपभ्रष्ट रूप होय. ‘त्से’ म्हणजे खडक आणि ‘यि’ म्हणजे आत. ‘खडकाच्या आत’ हा त्याचा शब्दशः अर्थ, आणि निदरी हा त्याचा व्यावहारिक अर्थ. स्पॅनिश भाषकांनी ते ऐकले तसे लिहिले, आणि इंग्रजी भाषकांनी ते लेखन आपल्या पद्धतीने उच्चारले. परिणामी ‘कॅन्यन द शे’ म्हणजे ‘निदरीची निदरी’ अशी द्विरुक्ती झाली. बाहेरून आलेल्याने पाहिली ती दरी. आत राहणाऱ्याने सांगितले ते ‘आत’ असणे. दोन्ही दृष्टी या एका नावात शेजारीशेजारी बसल्या आहेत. त्यांपैकी दुसरी मात्र ऐकू येईनाशी झाली आहे.

या निदरीचे कडे मुखाशी जेमतेम ३० फूट उंच आहेत; आत जावे तसे ते वाढत वाढत १,००० फुटांच्याही वर जातात. हा वालुकाश्म पर्मियन काळातील असून तो वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांपासून बनला आहे. म्हणून कड्यांच्या पृष्ठभागावर तिरकस थरांच्या रेषा दिसतात, आणि त्यांना छेदून वरून खाली उतरणारे काळपट पट्टे दिसतात. पावसाचे पाणी जेथून ओघळते तेथे लोह व मँगनीज यांच्या ऑक्साइडांचा लेप साचून हे पट्टे तयार होतात. कड्यातील एका कपारीत ‘व्हाइट हाउस’ या नावाने ओळखले जाणारे, पूर्वकालीन प्वेब्लो लोकांनी अकराव्या ते तेराव्या शतकांत बांधलेले वसतिस्थान आहे. त्यांच्यानंतर होपी लोकांचा आणि पुढे नावाहोंचा या भूमीशी संबंध आला. नावाहो निदरीच्या तळाशी मका पिकवीत आणि पीचच्या बागा जोपासत.

१८६३-६४ मध्ये किट कार्सन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सैन्याने नावाहोंविरुद्ध मोहीम काढली. या निदरीतील उभी पिके व घरे उद्ध्वस्त करण्यात आली, पीचची झाडे तोडण्यात आली, आणि हजारो नावाहोंना न्यू मेक्सिकोतील बॉस्के रेडोंडो येथे पायी नेऊन डांबण्यात आले. १८६८ च्या करारानंतर ते आपल्या भूमीत परतले. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, पुढे ज्या पहिल्या छायाचित्राचा विचार करावयाचा आहे ते या पुनरागमनानंतर अवघ्या पाच वर्षांनी घेतलेले आहे.

२. ओसलिव्हन : पुराव्याची भाषा

टिमोथी ओसलिव्हन यांनी अमेरिकन यादवी युद्धाची छायाचित्रे घेतली होती. युद्धानंतर ते पश्चिमेकडील सरकारी सर्वेक्षणांत दाखल झाले, आणि १८७३ मध्ये लेफ्टनंट जॉर्ज व्हीलर यांच्या सर्वेक्षणासाठी त्यांनी या निदरीतील व्हाइट हाउसचे चित्र घेतले. त्या काळची पद्धत ओल्या कलोडियनची. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून प्रकाशसंवेदी करावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वी काळोख्या तंबूत तिच्यावरील चित्र प्रकट करावयाचे. वाळवंटाच्या कोरड्या हवेत ही सर्व क्रिया काही मिनिटांत उरकावी लागे.

या द्रव्याची एक मर्यादा भूदृश्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ते निळ्या व अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देते. तांबड्या रंगाला ते जवळजवळ आंधळे असते. त्यामुळे निळे आकाश चित्रात कोरे पांढरे उमटते आणि तांबडा खडक प्रत्यक्षाहून गडद दिसतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर, जो भेद डोळ्याला अर्थपूर्ण असतो तो या काचेच्या लेखी भेदच नसतो. उलट डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश तिला दिसतो. ओसलिव्हन यांनी ही मर्यादा ओळखून काम केले. त्यांनी चौकट जवळजवळ संपूर्ण कड्यानेच भरली, आणि सूर्यप्रकाश कड्याला घासून तिरपा पडत असेल अशी वेळ निवडली. अशा प्रकाशात प्रत्येक उंचवट्यामागे बारीक सावली पडते. वालुकाश्माचे तिरके थर आणि त्यांवरील पट्टे कोरल्यासारखे स्पष्ट होतात. त्या प्रचंड भिंतीच्या पायथ्याशी व कपारीत पडक्या इमारती दिसतात, आणि काळजीपूर्वक पाहिल्यास त्यांच्यापाशी ठिपक्याएवढ्या मानवाकृतीही आढळतात. त्या मोजपट्टीचे काम करतात.

चित्राखालील मजकूर ‘प्राचीन अवशेष’ असे सांगतो, ते निदरीच्या विद्यमान तळापासून ५० फूट उंचीवरील कोनाड्यात आहेत अशी नोंद करतो, आणि स्थळाचा प्रांत न्यू मेक्सिको असा देतो. आज हे स्थळ ॲरिझोनात गणले जाते. मजकुराचा सूर सर्वेक्षणाच्या अहवालाचा आहे. परंतु ‘प्राचीन’ या विशेषणाने एक काम नकळत केले. निदरीचा मानवी काळ ते भूतकाळात बंद करते. वास्तविक त्याच वर्षी ओसलिव्हन यांनी फोर्ट डिफायन्सच्या परिसरात नावाहो कुटुंबाचे, मागासह, छायाचित्र घेतले होते. म्हणजे माणसे त्यांना दिसली नाहीत असे नव्हे. माणसे एका वर्गात आणि कडे दुसऱ्या वर्गात अशी ती विभागणी होती; एक चित्र मानववंशवर्णनाचे झाले, दुसरे भूवर्णनाचे. माणूस आणि त्याची भूमी एका वाक्यात आली नाहीत.

अशा चित्रांना निखळ पुरावा मानावे काय, या प्रश्नावर पुढे एका वेगळ्या प्रयत्नाने प्रकाश पडला. १९७७ मध्ये मार्क क्लेट व त्यांचे सहकारी यांनी एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षणचित्रांची स्थळे शोधून, त्याच जागी कॅमेरा ठेवून, शक्य तेथे त्याच ऋतूत व त्याच वेळी पुन्हा चित्रे घेण्याचा उपक्रम आरंभिला. त्यात असे आढळले की, यूटातील विचेस रॉक्स या खडकांचे १८६९ मधील चित्र घेताना ओसलिव्हन यांनी कॅमेरा तिरपा धरला होता. कॅमेरा समतल ठेवताच खडकांचा आविर्भाव पालटला. मूळ चित्र खोटे होते असा याचा अर्थ नव्हे. त्यात एका बोलणाऱ्याचा आघात होता, इतकेच. आणि दुसरे चित्र शेजारी येईपर्यंत तो आघात कोणाला ऐकू आला नव्हता.

३. कर्टिस : प्रमाणाची भाषा

एडवर्ड कर्टिस यांनी १९०४ मध्ये या निदरीत घेतलेले चित्र त्याहूनही अधिक प्रसिद्ध आहे. उंच कड्यांच्या पार्श्वभूमीवर सात नावाहो घोडेस्वार आणि एक कुत्रा रांगेने चालले आहेत. येथे माणसे आहेत, आणि ती केवळ मोजपट्टीही नाहीत. चित्राची सारी हालचाल त्यांच्याकडून येते. मात्र कड्याच्या तुलनेत ती इतकी लहान आहेत की, पाहणाऱ्याच्या मनात भूमीचे चिरंतनत्व आणि माणसाचे क्षणिकत्व हीच कल्पना उभी राहते.

प्रमाण हा वाळवंटी भूदृश्याच्या चित्रणातील मूलभूत प्रश्न आहे. दमट प्रदेशात दूरचे डोंगर बाष्पामुळे फिकट व निळसर होत जातात, आणि त्या फिकटपणावरून डोळा अंतर ओळखतो. वाळवंटाच्या कोरड्या, स्वच्छ हवेत ही खूण क्षीण होते. दहा कोसांवरचा कडा हाकेच्या अंतरावर असल्यासारखा वाटतो. झाडेही विरळ. त्यामुळे ज्ञात आकाराची एखादी वस्तू, म्हणजे बहुधा माणूस किंवा घोडा, चौकटीत आणल्याखेरीज उंची कळत नाही. कर्टिस यांची घोडेस्वारांची योजना तांत्रिक दृष्टीने अचूक होती. परंतु प्रमाणाच्या सोयीसाठी आलेली लघुता अर्थाच्या पातळीवर जाऊन पोचली. त्याच वर्षी त्यांनी अंधारात शिरणाऱ्या नावाहो घोडेस्वारांचे जे दुसरे चित्र घेतले, त्याला ‘लयाला जाणारा वंश’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. १९०७ ते १९३० या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वीस खंडांच्या ग्रंथमालेचा सूर बव्हंशी हाच आहे. या सुराशी न जुळणाऱ्या वस्तू काही वेळा चित्रांतून पुसल्याही गेल्या. एका पीगन तंबूतील चित्रातून नाहीसे केलेले घड्याळ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

हे विधान इतिहासाने खोटे ठरवले. २०२१ मध्ये नावाहो राष्ट्राची नोंदणीकृत सदस्यसंख्या ४ लाखांच्या जवळ पोचली होती. छायाचित्रकार लॉरा गिल्पिन यांनी नावाहो समाजात दीर्घ काळ काम करून १९६८ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच ‘टिकून राहणारे नावाहो’ असा शब्दप्रयोग आहे. कर्टिस यांच्या शीर्षकाशेजारी ठेवला असता तो प्रत्युत्तरासारखा वाचता येतो.

४. ॲडम्स : छटांची भाषा

अमेरिकेच्या गृहखात्याचे मंत्री हॅरल्ड इकिस यांच्या कारकीर्दीत, १९४१ मध्ये, ॲन्सेल ॲडम्स यांच्याकडे राष्ट्रीय उद्यानांची व त्या खात्याच्या अखत्यारीतील अन्य भूमीची छायाचित्रे घेण्याचे काम सोपवण्यात आले. खात्याच्या इमारतीतील भिंतींसाठी ती मोठ्या आकारात छापावयाची होती. अमेरिका युद्धात उतरल्यावर, १९४२ मध्ये, ही योजना थांबली. तथापि तिच्यातील २२६ चित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. याच काळात ॲडम्स कॅन्यन द शे येथे गेले आणि ओसलिव्हन यांनी जेथून व्हाइट हाउसचे चित्र घेतले होते, जवळजवळ तेथूनच त्यांनी आपले चित्र घेतले. ओसलिव्हन यांचे चित्र त्यांना चांगले परिचित होते.

दोन चित्रांतील भेद बराचसा साधनांचा आहे. ॲडम्स यांच्या काळी सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म उपलब्ध होती. भिंगापुढे रंगीत काच धरली असता त्या रंगाच्या वस्तू चित्रात उजळतात आणि विरोधी रंगाच्या वस्तू गडद होतात. तांबड्या काचेने आकाश काळोखे आणि वालुकाश्म तेजस्वी करता येतो. ओसलिव्हन यांना जे द्रव्याने लादले, ते ॲडम्स यांना निवडता येत होते. या निवडीला शिस्त यावी म्हणून त्यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह १९४० च्या सुमारास एक पद्धती सिद्ध केली. दृश्यातील काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या अखंड छटांचे तीत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्यांत विभाजन केले जाते, आणि एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना प्रकाशदान दुप्पट होते. प्रकाशमापक यंत्र जे जे पाहते ते मध्यम करडे आहे असे गृहीत धरते; सावलीतला खडक आणि उन्हातला खडक त्याला सारखेच. म्हणून कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवावयाची हे छायाचित्रकाराने आधी ठरवावयाचे असते. अखंड ध्वनिप्रवाहातून प्रत्येक भाषा आपापली स्वनिमे निवडते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या पद्धतीचे मर्म समजण्यास विलंब लागणार नाही. पायऱ्या निसर्गात नसतात. त्या व्यवस्थेत असतात.

या व्यवस्थेने ॲडम्स यांनी जे सिद्ध केले त्याचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु वाळवंटातील त्यांची बहुतेक प्रसिद्ध भूदृश्ये निर्मनुष्य आहेत, हेही तितकेच खरे. कॅन्यन द शे हे १९३१ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८४ हजार एकर असून ती सर्व भूमी नावाहोंची आहे व त्यांची कुटुंबे आजही तेथे शेती करतात. राष्ट्रीय उद्यान म्हणजे माणसाविना असलेली भूमी, ही ज्या चित्रांनी रुजवलेली समजूत, ती या एका स्थळाच्या बाबतीत तरी उघडपणे चुकीची आहे.

५. वगळण्याचे परिणाम

छायाचित्रातून काय वगळले गेले, हा केवळ सौंदर्यशास्त्राचा प्रश्न नाही. १९६४ च्या वन्यप्रदेशविषयक अमेरिकन कायद्याने वन्यप्रदेशाची जी व्याख्या केली तीत माणूस हा तेथे पाहुणा असतो, रहिवासी नसतो, असे गृहीत आहे. या कायद्याच्या एकच वर्ष आधी कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणात पाणी साठू लागले होते. बुडणाऱ्या त्या निदरीची एलियट पोर्टर यांनी घेतलेली रंगीत चित्रे १९६३ मध्ये सिएरा क्लब या संस्थेने ‘कोणालाही ठाऊक नसलेले स्थळ’ अशा अर्थाच्या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध केली. पुढील धरणांना झालेल्या विरोधाला या ग्रंथाने बळ दिले. तरीही त्यातील ‘कोणालाही’ हे सर्वनाम तपासण्याजोगे आहे. नावाहो, पायूट आणि इतर समाजांना तो प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. शीर्षकातील ‘कोणी’ या पदाच्या व्याप्तीत ते समाविष्ट नव्हते. रक्षणाच्या हेतूने घेतलेल्या चित्रालाही असे व्याकरण असू शकते.

वगळलेल्या गोष्टीची किंमत क्वचित प्रत्यक्ष प्राणांनीही मोजावी लागते. कॅन्यन द शेच्या वायव्येस, पेज या गावाजवळ, नावाहोंच्या भूमीतच अँटेलोप कॅन्यन ही अत्यंत अरुंद घळ आहे. तिच्या वळणदार भिंतींवरून प्रकाश पुनःपुन्हा परावर्तित होत खाली येतो आणि प्रत्येक परावर्तनात अधिक तांबूस होतो. जेथे आकाशाचाच प्रकाश पोचतो तेथे खडक जांभळट दिसतो. या रंगच्छटांच्या चित्रांनी ही घळ जगभर प्रसिद्ध झाली. चित्रांत दिसतो तो निश्चल, कोरडा दगड. तिच्या वरच्या भागाचे नावाहो नाव मात्र ‘खडकांतून पाणी वाहते ती जागा’ असे सांगते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक मैल दूर पडलेल्या पावसाचा लोंढा घळीच्या खालच्या भागात अकस्मात शिरला आणि ११ पर्यटक मृत्यू पावले. जी क्रिया चित्रात मावली नव्हती, ती नावात प्रथमपासून नोंदलेली होती. नावाहो स्थळनामांत क्रियापदांना मोठे स्थान आहे. वस्तू काय आहे यापेक्षा तेथे काय घडते हे ती नावे पुष्कळदा सांगतात. एका क्षणाच्या चित्राला ही माहिती देता येत नाही.

६. समारोप

या विवेचनावरून भूदृश्यांच्या छायाचित्रांवर अविश्वास दाखवावा असा निष्कर्ष निघत नाही. संस्कृत छाया त्याज्य नसते. अनेकांना तिच्यावाचून गाथा उमगल्याच नसत्या. मात्र छाया वाचताना मूळ पंक्ती वर छापलेली असावी आणि वाचकाची दृष्टी तिच्याकडे पुनःपुन्हा जावी, एवढीच अपेक्षा असते. छायाचित्राच्या बाबतीत हे साधण्यासाठी अभ्यासकाने चार गोष्टी तपासाव्यात : चित्र कोणत्या द्रव्यावर घेतले व ते द्रव्य कोणत्या रंगाला आंधळे होते, प्रमाण कशावरून कळते, चौकटीच्या बाहेर त्या वेळी कोण होते, आणि चित्राखालील शब्द कोणाच्या भाषेतले आहेत. यांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे बव्हंशी चित्रातच सापडतात. उरलेल्या दोहोंसाठी मात्र त्या भूमीतील लोकांकडेच जावे लागते.

तेथील लोकांनी या बाबतीत आपले म्हणणे मांडण्यास आरंभ केला, त्यालाही आता काही काळ लोटला आहे. कॅन्यन द शेच्या तळाशी जाण्यासाठी सामान्यतः नावाहो मार्गदर्शक सोबत घ्यावा लागतो, आणि तेथील रहिवाशांची छायाचित्रे त्यांच्या अनुमतीवाचून घेता येत नाहीत. विल विल्सन या नावाहो छायाचित्रकाराने २०१२ मध्ये एक उपक्रम सुरू केला. ओसलिव्हन यांचीच ओल्या कलोडियनची पद्धत वापरून ते धातूच्या पत्र्यावर व्यक्तिचित्रे घेतात. मूळ पत्रा चित्रातील व्यक्तीला देतात आणि स्वतःजवळ तिच्या संमतीने केवळ प्रत ठेवतात. मूळ कोणाकडे असावे आणि छाया कोणाकडे, या प्रश्नाचे हे व्यवहारातील उत्तर आहे. भूदृश्यांच्या चित्रांना तेच उत्तर लागू करावयाचे झाल्यास काय करावे लागेल, हे ठरवण्याचे काम उद्याने, संग्रहालये आणि विद्यापीठे यांच्यापुढे आहे. आणि चित्राखालच्या ओळीत ‘त्सेयि’ हे नाव लिहून त्याचा आरंभ करता येईल.